अक्काला काहीच हवंसं वाटेना

माझी थोरली बहीण त्रिशला ही जयसिंगपुरातली एकमेव ड्रायव्हिंग मास्तरीण. गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, तेव्हा सगळ्यांनी तिला शाळा बंद करायचा सल्ला दिला होता. पण त्या शहाण्या गाड्या शहरात शहाण्या. आमच्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोरून आला की त्या जागच्या जागी थांबायच्या आणि हलायचं नाव घ्यायच्या नाहीत. मागे रांग लागायची, हॉर्न सुरू व्हायचे, आणि शेवटी कुणाला तरी स्टिअरिंग हातात घ्यावंच लागायचं. म्हणून अक्काची शाळा चालू राहिली. "गाडीला अक्कल हाय, धाडस नाही," असं ती नव्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगायची.

तिच्या गाडीच्या पुढच्या खणात पाकिटं असायची. भडंग, चीज लावलेल्या कुरकुरीत नळ्या, चॉकलेटच्या आवरणातली खारी बिस्किटं. एक बाई शिकून उतरायची आणि दुसरी चढायची, तेवढ्यात एक पाकीट रिकामं. मी एकदा तिला विचारलं होतं, एवढं आवडतं काय गं तुला हे? ती बोटं चाटत म्हणाली, "आवडायला वेळ कुठं मिळतोय? चव कळायच्या आत संपतंय बघ."

हे मी हसण्यावारी नेलं असतं, पण माझा जीव त्या पाकिटांपायी अडकला होता. मी शीतल मगदूम, हायस्कुलात विज्ञान शिकवतो. नाव शीतल असलं तरी स्वभाव तसा नाही, हे माझे विद्यार्थी सांगतील. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि डायलिसिसवर दिवस काढणं चालू होतं. हाताच्या शिरा एकेक करून बंद पडल्या होत्या, आता मानेत नळी होती. हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की नवी किडनी बसवायची तर दिवाळीच्या आत बसवा, नंतर तुमचं हृदय भूल सोसेल याची खात्री मी देणार नाही.

माझ्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. आईचं वय झालेलं. जुळत होती फक्त अक्का, आणि तीही अशी, की आमच्या डॉक्टर हुक्केरी मॅडम तो रिपोर्ट बघून खुर्चीतून उठल्याच. मग त्यांनी अक्काचं वजन आणि साखर पाहिली आणि परत बसल्या.

"त्रिशलाताई, या वजनावर आणि या साखरेवर तुमची किडनी मी काढू शकत नाही," त्या म्हणाल्या. "भावाला वाचवायचं आणि बहिणीला आजारी पाडायचं, असं होईल ते."

"कमी करते की," अक्का म्हणाली. खाली उतरून गाडीत बसल्यावर तिनं खण उघडला, आतल्या पाकिटाकडे बघितलं आणि खण बंद केला. सांगलीचा पूल यायच्या आत तो पुन्हा उघडला होता.

आम्ही जैन. भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात आमच्या घरी नियम घेतात. कुणी मीठ सोडतं, कुणी गूळ, कुणी एकवेळ जेवतं. अक्का त्या दहा दिवसांत असा कडक नियम पाळायची की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. अकराव्या दिवशी पारणं झालं की गाडीचा खण पुन्हा भरायचा. मग सहा महिन्यांचा नियम घे की, असं मी म्हणालो तर ती माझ्यावरच उखडली. "झेपंल तेवढाच नियम घ्यायचा असतोय. मोडायचा म्हणून घ्यायचा नसतोय. मला दहा दिवस झेपतात. अकरावा झेपत नाही, हे मला ठाऊक हाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या बाईनं अर्ध्या तालुक्यातल्या बायकांना घाटात गाडी चढवायला शिकवलं, ती एका कागदी पाकिटापुढे हात टेकत होती, आणि त्याची लाज तिला माझ्यापेक्षा जास्त वाटत होती.

हुक्केरी मॅडमनी मग 'उपशम'चं नाव काढलं.

इथं मला जरा मास्तरकी करू द्या. तलफ म्हणजे भूक नव्हे. भूक पोटातून येते आणि भाकरीनं भागते. तलफ मेंदूतून येते आणि तिला भाकरी नको असते, तिला तेच पाकीट हवं असतं. मेंदूच्या आत खोलवर, शेंगदाण्याएवढा पेशींचा एक पुंजका आहे. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, तिच्याकडे हात जाणं, हे त्याचं काम. गंमत अशी, की हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंदरांवर फार पूर्वी प्रयोग झाले. त्यांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन काढून टाकलं, तर ते समोरच्या खाण्याकडे ढुंकून बघेनात, उपाशी राहिले. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की मिटक्या मारायचे. म्हणजे आवडत होतं, हवंसं मात्र वाटत नव्हतं.

अक्काच्या बाबतीत नेमकं उलटं झालेलं. तूप, साखर, मीठ असं सगळं एकाच घासात भरलेले पदार्थ त्या पुंजक्याला वर्षानुवर्षं डिवचत राहतात. मग नुसतं पाकीट वाजलं तरी तिथं लाट उठते. आवडणं तेवढंच राहतं किंवा कमी होतं, हवंसं वाटणं वाढत जातं. त्यात माणूस हावरट असण्याचा प्रश्न नाही.

'उपशम' म्हणजे दोन्ही कानांमागे चिकटवायच्या रुपयाएवढ्या दोन चकत्या. पुंजक्यात लाट उठायला लागली की त्यांना कळायचं. मग दोन्हींकडून माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचे बारीक झोत निघायचे, ते बरोबर त्या शेंगदाण्यावर एकत्र यायचे आणि लाट बसवायचे. कापाकापी नाही, गोळी नाही.

"उपशम?" अक्काला हसू आलं. "पाठशाळेत शिकवलं होतं की आपल्याला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतोय. जात नाही, बसतोय. कंपनीनं नाव तरी खरं ठेवलंय."

चकत्या लावल्यावर पहिल्याच आठवड्यात ती माझ्या घरी आली आणि भडंगाचं अर्धं पाकीट टेबलावर ठेवून बोलत बसली. बोलून झाल्यावर निघाली. पाकीट तिथंच. मी आणि माझी बायको त्या पाकिटाकडे बघत राहिलो. मी धावत खाली गेलो. "अक्का, पाकीट राहिलं गं."

"असू दे. छान होतं. पुरे झालं."

मी त्या दिवशी जिन्यात बसून रडलो. आनंदानं रडलो, लपवायचं काय त्यात.

तिचं वजन उतरू लागलं, साखर खाली आली. हुक्केरी मॅडम दर खेपेला रिपोर्ट बघून मान डोलवायच्या. घाई होती म्हणून त्यांनी चकत्यांचा जोर चांगलाच वर ठेवला होता. पण त्या शेंगदाण्यात काही खाण्यासाठी वेगळी खोली नाही. भडंग हवं वाटणं, गाणं म्हणावंसं वाटणं, कुणाची आठवण येऊन फोन करावासा वाटणं, सगळं तिथूनच निघतं. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं. बहिणीच्या बाबतीत ते लक्षात यायला उशीर झाला.

अक्का आधी दिवसाला चार फोन करायची, त्यातले तीन मला झापायला. ते बंद झाले. मी केला की उचलायची, विचारलं तेवढं सांगायची. तिच्या शिकाऊ बायका म्हणायला लागल्या, बाई हल्ली ओरडत नाहीत. एकीनं गाडी गटारात घातली तर ही शांतपणे म्हणाली, "रिव्हर्स टाक." दाजी तसे अबोल गृहस्थ, पण ते एकदा खास माझ्या शाळेत आले. व्हरांड्यात उभे राहून चष्मा पुसत म्हणाले, "शीतल, घर लई शांत झालंय रे. मला हे सोसत नाही. पण तुझं काम होऊ दे, मग बघू."

माझं काम. त्या शब्दानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधी परवानगी समितीपुढे जायचं होतं. किडनी देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारतात, कुणाचा दबाव आहे का, तुम्हाला खरंच द्यायची आहे का. सगळं कॅमेऱ्यात घेतात. समितीच्या प्रमुख निवृत्त न्यायाधीश होत्या, दिवाण मॅडम. मी बाहेर बाकावर बसलो होतो. हा कार्यक्रम म्हणजे नुसती औपचारिकता, अशा समजुतीत होतो.

अक्का लवकर बाहेर आली. शेजारी बसली, पर्स मांडीवर ठेवली.

"झालं?" मी विचारलं.

"नाही दिली परवानगी."

"का?"

"त्यांनी विचारलं, भावाला किडनी द्यावी असं तुम्हाला मनापासून वाटतं का. मी म्हटलं, नाही वाटत."

मी बाकावर तिच्याकडे वळून बसलो.

"मग त्या म्हणाल्या, म्हणजे द्यायची नाही तुम्हाला? मी म्हटलं, देणार आहे. वाटत मात्र काही नाही." तिचा आवाज बस कधी येणार ते सांगावं तसा होता.

मी उठून उभा राहिलो आणि त्या स्वच्छ पांढऱ्या कॉरिडॉरमध्ये ओरडलो. "खोटं बोलायचं होतंस की! एक वाक्य! 'होय' म्हणायला काय जात होतं तुझं?"

"शपथ घालून विचारलं त्यांनी. आत काय हाय ते बघितलं, तर काही नव्हतं. जे नाही ते हाय म्हणून कसं सांगू?" ती माझ्याकडे बघत होती. रागावली नव्हती, दुखावलीही नव्हती. तेच मला सोसेना.

दिवाण मॅडमनी आम्हा दोघांना आणि डॉक्टरांना आत बोलावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. यंत्रानं जिची इच्छा दाबून ठेवली आहे, तिची संमती आम्ही घेऊ शकत नाही. चकत्या काढा. आठ दिवसांत मेंदू मूळ पदावर येतो, तेव्हा पुन्हा विचारू. त्या सकाळी साखरेचीही नव्यानं तपासणी होईल. तेव्हा ती चढलेली असली, तर विषय संपला.

हुक्केरी मॅडमचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "दाबलेली लाट पहिल्या दिवसांत दुप्पट जोरानं उठते. अशा वेळी लोक बेभान होऊन खातात. मी स्वतः पाहिलंय. आणि त्रिशलाताईंची साखर अगदी काठावर आहे."

"आठ दिवस ना?" अक्कानं विचारलं. "काढा चकत्या. आठ झेपतात मला." तिथंच तिनं हात जोडून डोळे मिटले आणि नियम घेतला. साखर नाही, पाकिटातलं काही नाही, सूर्य मावळल्यावर अन्न नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. पर्वातले दहा दिवस मी पाहिले होते, पण पर्वात घरातले सगळेच उपाशी असतात आणि लाट दुप्पट नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. कित्येक महिन्यांनी तिचा फोन!

"शीतल, लेका, कॉरिडॉरमध्ये ओरडतोस माझ्यावर? चार लोकांत? थोरली बहीण हाय मी तुझी! थांब, येते तिकडं!" आणि ती खरंच आली, दारातूनच बोलत आली. माझ्या बायकोनं देवाला हात जोडले. मीही तोंड भरून हसत ऐकून घेतलं, कारण एवढं गोड ओरडणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

पण त्याबरोबर दुसरंही आलं. तिचे हात कापायला लागले. झोप उडाली. गाडीचा खण तिनं रिकामा केला होता, तरी हात आपोआप तिकडे जायचा. डायलिसिसच्या वेळी ती माझ्या पलंगाशेजारी बसली आणि एकदम ताठ झाली. "पलीकडच्या बाईच्या पिशवीत खारी हाय. मला वास यायलाय, शीतल. मी उठू काय इथून?"

"बस. हात दे इकडं."

तिनं हात दिला. तो घामानं ओला होता. मी म्हणालो, "सांग मला, काय काय हवंय तुला. खायचं नाही, नुसतं सांगायचं."

ती खुळ्यागत माझ्याकडे बघायला लागली. मग डोळे मिटून सांगायला लागली. भडंग कसलं हवंय, लसूण किती तांबूस झालेला, कढीपत्ता कुरकुरीत, दाणे थोडे जास्त. सांगता सांगता हुंदका आला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तू सांग. तुला काय हवंय?"

मला हवं होतं पाणी. डायलिसिसवाल्या माणसाला पाणी मोजून मिळतं. मी सांगितलं, मला विहिरीचं गार पाणी हवंय, तांब्यानं, वरून ओतून, गळा भरून शर्ट भिजेपर्यंत. ती म्हणाली, "बास रे, मलाच तहान लागली." पलीकडची खारीवाली बाई आमच्याकडे टकामका बघत होती, आणि आम्ही दोघं भाऊ-बहीण हसत सुटलो. लाट ओसरली. लाट ओसरते, हे त्या दुपारी दोघांनाही नव्यानं कळलं. ती उठली की जगातून दुसरं सगळं गायब होतं, पण थोडा वेळ कुणी हात धरून बसलं की ती जाते. पुन्हा येते, पुन्हा जाते.

मी शाळेत रजा टाकली आणि तिच्या गाडीत मागे बसून फिरायला लागलो. शिकाऊ बाई पुढे, मास्तरीण शेजारी, मागे मी मानेत नळी घेऊन. बेकरीजवळून जाताना अक्का मोठ्यांदा क्लच-ब्रेक शिकवायची, इतक्या मोठ्यांदा की त्या बिचारीची गाडी बंद पडायची. संध्याकाळी दाजी सूर्य मावळायच्या आत ताट वाढून तयार ठेवायचे आणि स्वतःही तिच्याबरोबर जेवायचे. एका दुपारी ती दुकानात शिरलीच. मी गाडीतून उतरेपर्यंत पाकीट तिच्या हातात होतं. दुकानदारासमोर ती ते धरून नुसती उभी राहिली. बोलायचा मला हक्कच नव्हता, किडनी तिची होती. तिनं पाकीट परत ठेवलं आणि म्हणाली, "चल. आणि दाजींना सांगू नको."

ठरलेल्या सकाळी साखर तपासली. काठाच्या आत होती. हुक्केरी मॅडमनी तो आकडा दोनदा वाचला आणि अक्काला मिठीच मारली.

या वेळी अक्काच्याच विनंतीवरून समितीनं मलाही आत बसवलं. दिवाण मॅडमनी तोच प्रश्न विचारला, त्याच शांतपणे. भावाला किडनी द्यावी असं तुम्हाला वाटतं का?

"वाटतं," अक्का म्हणाली. मी श्वास सोडला. पण ती थांबली नव्हती. "नको देऊ, असंही वाटतं. टेबलावर झोपायची भीती वाटते. पळून जावंसं वाटतं. रात्रभर हेच चाललंय आत. शपथेवर विचारताय म्हणून सगळं सांगते."

ही बाई सुधारायची नाही.

दिवाण मॅडम पुढे झुकल्या. "मग यातलं कुठलं आम्ही खरं धरायचं?"

"वाटण्याचं काही धरू नका, मॅडम," अक्का म्हणाली. "मला जन्मभर काय वाटलं ते बघितलंय मी. पाकीट दिसलं की वाटायचं. चकत्या लावल्या, वाटायचं बंद झालं. काढल्या, परत सुरू झालं. त्या दिवशी आत काही नव्हतं तरी मी देणार म्हटलं होतं. आज एवढा गोंधळ हाय तरी देणारच म्हणते. तेवढं एकच जागचं हललं नाही बघा. लिहायचं तर ते लिहा."

दिवाण मॅडमनी कॅमेऱ्याकडे मान वळवून संमती नोंदवली.

ऑपरेशन दसऱ्याच्या आधी झालं. अक्काची किडनी माझ्या पोटात पहिल्याच तासाला कामाला लागली. मालकिणीसारखीच खटपटी निघाली, असं हुक्केरी मॅडम म्हणाल्या. त्यांनी अक्काला पुन्हा चकत्या दिल्या, या वेळी अगदी कमी जोरावर. तिनं आधीच बजावलं होतं, की ओरडता आलं पाहिजे एवढं मागे ठेवा.

चौथ्या दिवशी ती मास्क लावून, पोटाला हात धरून, हळूहळू चालत माझ्या खोलीत आली. खुर्चीत बसायलाच तिला वेळ लागला. मी रात्रभर जुळवून ठेवलेलं बोलायला लागलो आणि सगळं विसरलो. आमच्यात भावानं बहिणीचे आभार मानायची पद्धत नाही. तरी मी मानले.

"अक्का, दुसऱ्या वेळेला तू 'वाटतं' म्हणालीस, ते ऐकून बरं वाटलं मला. पण इथं पडल्या पडल्या मी त्या पहिल्या दिवसाचाच विचार करतोय. तुला माझ्याबद्दल माया वाटत नव्हती, कीव नव्हती, काळजीसुद्धा नव्हती. दाजींबद्दलही नव्हती. आत सगळं रिकामं होतं, आणि तरी तू देणार होतीस. मायेपोटी कुणीही देईल. तू काहीच नसताना देत होतीस, आणि मी तुझ्यावर ओरडलो. मला तेव्हा कळलंच नाही गं."

अक्कानं मास्क जरा खाली केला. डोळे भरले होते, पण कपाळाला ती जुनी आठी पडली.

"एवढं कळायला माझी किडनी लागली होय रे तुला?" ती म्हणाली, आणि हसता हसता टाक्यांना हात लावून कळवळली. मग नर्सला हाक मारून सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात माझी तक्रार करायला लागली.